ऑनलाइन गट की एकट्याने थेरपी? सांगली-साताऱ्यात धावपळीची ड्युटी करणाऱ्यांसाठी

१०८ वरचे डॉक्टर आणि चालक, अग्निशमन दलाचे जवान, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर, हायवेचे पोलीस, दरीत दोर टाकणारी रेस्क्यूची पोरं, या सगळ्यांना हल्ली ऑनलाइन गट थेरपी सुचवली जाते. घ्यावी की सिव्हिलला किंवा खाजगीत एकट्याने दाखवावं?

त्रास खरा आहे की आपणच कच्चे, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, कामाचा भाग म्हणून वारंवार मृतांचे अवशेष गोळा करावे लागणं हासुद्धा पीटीएसडीला (भयंकर प्रसंगानंतर मनात रुतून बसणाऱ्या आजाराला) कारणीभूत ठरणारा अनुभव धरला आहे. २०१९ ला ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली तेव्हा किंवा २०२१ ला आंबेघर-मिरगावच्या दरडीत जे उतरले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

निव्वळ परिणाम पाहिला, तर एकट्याने घेतलेली थेरपी थोडी सरस वाटते. अमेरिकेत २६८ सैनिकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकच उपचार काहींना गटात आणि काहींना एकेकट्याने दिला. त्रास दोन्हीकडे कमी झाला, एकेकट्यांचा जास्त. म्हणून एकच प्रसंग डोळ्यांसमोरून हटत नसेल, तर मी एकट्याचीच थेरपी सुचवेन.

पण आपल्याकडची अडचण निराळी. सिव्हिलमध्ये केसपेपर काढणारा ओळखीचा, रांगेत मागे उभा असलेला आपल्याच ठाण्यातला. संध्याकाळपर्यंत गावभर. शिवाय आठवड्याला ठरलेली वेळ आणि फिरती नाईट यांचं जमत नाही, आणि ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या आघातावर, खास काम करणाऱ्यासाठी पुणं गाठायचं तर रजाच टाकावी लागते. इथे ऑनलाइन गट उजवा ठरतो. गटात दुसऱ्या जिल्ह्यातले, त्याच कामातले लोक असले, की 'वास जात नाही' एवढंच म्हटलं तरी पुरतं. आपल्याच तुकडीचा गट असेल तर मात्र मी जाणार नाही. ज्या साहेबांसमोर रडलो, त्यांच्याच हाती उद्या ड्युटी लावणं असतं.

मोबाईलवरून घरबसल्या, असं म्हणतात खरं. पोलीस लाइनीच्या दोन खोल्यांत, शेजारी पोरांचा अभ्यास चालू असताना, कुठे बसणार? उभ्या गाडीत इअरफोन लावून बसता येतं. कोयना खोऱ्यात रेंज गेली तर ऐन बोलण्यात माणूस गायब होतो, म्हणून असं झाल्यास फोन कोण करणार हे चालकाशी आधी ठरवून ठेवा. गट चालवणाऱ्याशी म्हणतोय, ॲम्ब्युलन्सच्या नव्हे.

सगळ्यांत बारकाईने तपासायचं ते गटात काय बोलायला लावतात हे. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून 'काय काय पाहिलं ते सांगा' म्हणणारी एकदाची बैठक म्हणजे थेरपी नव्हे. पीटीएसडी टाळायला किंवा बरा करायला असल्या बैठका देऊ नयेत, असं उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. एकाचं ऐकून दुसऱ्याच्या डोक्यात नवं चित्र बसायचं. याउलट ईएमडीआरची (डोळ्यांच्या हालचाली किंवा आळीपाळीच्या थोपटण्यासोबत त्रासदायक आठवण हाताळणाऱ्या उपचाराची) एक गटपद्धत आहे, मेक्सिकोत १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळानंतर मुलांसाठी सुरू झालेली. तीत माणूस आपापल्या कागदावर चित्र काढतो, हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीने थोपटतो. प्रसंग इतरांसमोर मोठ्याने सांगायची सक्ती नसते. अशी पद्धत ऑनलाइन घेणंही सोपं.

प्रवेशाआधी चार गोष्टींची चौकशी करा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, रेकॉर्डिंग होतं का, वरिष्ठांना काही कळवलं जातं का, आणि मध्येच कुणी कोलमडलं तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो गट सोडा.

जीव नकोसा वाटत असेल, किंवा दारूशिवाय झोपच येत नसेल, तर गटाची बॅच सुरू व्हायची वाट पाहू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ आहे, २०२२ पासून सुरू, फुकट आणि चोवीस तास. तिथे मराठीत बोलता येतं, आणि केसपेपरही लागत नाही. मात्र ती आठवड्यांची थेरपी नव्हे.

बाकीच्यांनी, म्हणजे झोप उडालीय, घरी चिडचिड होते, पण ड्युटी निभावतेय अशांनी, गटात चार-पाच वेळा बसून पाहावं आणि फरक नसेल तर त्याच थेरपिस्टकडे एकट्याची वेळ मागावी.