कोकण राइडच्या आदल्या दिवशी ‘नवा’ म्हणून बसवलेला जुना फ्युएल पंप

फ्युएल इंजेक्शनची बाईक घेऊन लांब जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच आणि इंजिनला दाबाने पेट्रोल पुरवणारा, टाकीच्या आत बसणारा इलेक्ट्रिक पंप आला. हा पंप बाहेरून दिसत नाही. तो नवा आहे की जुना, चांगला आहे की बिघडलेला, हे आपल्याला गॅरेजवाला सांगेल तेवढंच कळतं. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने याचाच फायदा घेऊन मला फसवलं.

मामेभाऊ आणि मी ताम्हिणीतून माणगाव, मग दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी आणि पुढे दापोली असे जाणार होतो. राहण्याचे पैसे भरून झाले होते. निघायच्या आदल्या सकाळी गाडी सुरू होईना. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद जी बारीक घरघर येते, तीही येत नव्हती. फ्यूज तपासला, तो शाबूत होता. गाडी टेम्पोत घालून गॅरेजला नेली.

तिथल्या माणसाने चावी फिरवली, टाकीला कान लावला आणि निदान सांगून टाकलं. “साहेब, पंप गेला. सर्व्हिस सेंटरला टाकाल तर आठ-दहा दिवस धरून चाला. माझ्याकडे एक ओरिजिनल पीस आहे, संध्याकाळी गाडी घेऊन जा.” पंपाचे ७,५०० आणि मजुरीचे ८०० सांगितले. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल आणि बिल चार दिवसांनी मिळेल. पैसे यूपीआयने घेतले. संध्याकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. जुना पंप मागितला, तर “भंगारवाला घेऊन गेला, साहेब.” खोका दाखवला तोही लांबूनच.

दुसऱ्या दिवशी घाट नीट उतरलो. निजामपूरच्या पुढे ऊन चढलं तशी गाडी झटके खायला लागली आणि बंद पडली. अर्ध्या तासाने सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा बंद. थंड असताना चालायचं आणि तापलं की मान टाकायची, हे झिजलेल्या पंपाचं नेहमीचं लक्षण आहे, हे मला माणगावच्या मेकॅनिककाकांनी सांगितलं. पंपाची मोटर पेट्रोलमध्येच बुडलेली असते आणि पेट्रोलच तिला थंड ठेवतं. मोटर आतून झिजली असेल तर गरम झाल्यावर ती पुरेसा दाब देऊ शकत नाही.

काकांनी टाकी रिकामी करून पंप बाहेर काढला. पेट्रोल गाळणारी जाळी तपकिरी पडलेली, कपलरचे (वायरी जोडायच्या सॉकेटचे) पॉइंट काळे, प्लॅस्टिकच्या क्लिपांवर स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे. आदल्या संध्याकाळी बसवलेल्या नव्या पंपाची जाळी एका दिवसात अशी होत नाही. पण मला खरा संताप आला तो पुढचं पाहून. टाकी आणि पंप यांच्यामधला रबरी सील चपटा झाला होता, आणि गळू नये म्हणून त्याच्याभोवती सिलिकॉन गम फासला होता. पेट्रोलमध्ये हा गम फुगतो आणि सुटतो. खाली तापलेलं इंजिन, मागे मामेभाऊ, आणि टाकीचा सील असा. पैशांची फसवणूक मी एकवेळ सोसली असती, पण त्या माणसाने आम्हा दोघांचा जीव धोक्यात घातला, आणि तेही समजून-उमजून.

मग काकांनी सीटखालचा रिलेचा (पंपासारख्या भागांचा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचांचा) डबा उघडला आणि विचारलं, “इथे हात कुणी घातला?” सगळे रिले धुळीने माखलेले होते, फक्त पंपाचा रिले करकरीत नवा. पुण्यात रिलेचा विषयही निघाला नव्हता. काकांचा हिशोब सरळ होता आणि मलाही तो पटला. बिघाड दोन-तीनशे रुपयांच्या रिलेत होता. तो गुपचूप बदलला, माझा चालू पंप काढून घेतला आणि कुणाच्या तरी गाडीतला झिजलेला पंप माझ्या टाकीत बसवला. माझा पंप पुढच्या गिऱ्हाइकासाठी ‘ओरिजिनल पीस’ झाला असणार.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. पंपाचा कपलर काढायचा, त्याच्या सप्लायच्या दोन वायरींना १२ व्होल्टचा टेस्टिंग बल्ब लावायचा, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) चालू ठेवून चावी फिरवायची. बल्ब दोन-तीन सेकंद पेटला तर करंट पोचतोय, मग पंपावर संशय घ्या. पेटला नाही, तर दोष पंपाच्या आधी आहे : फ्यूज, रिले, किल स्विच किंवा वायरिंग. बऱ्याच गाड्यांत शेजारी तसाच दुसरा रिले असतो, तो अदलाबदल करून बघता येतो. ही तपासणी तुमच्यासमोर केल्याशिवाय कुणालाही टाकी उघडू देऊ नका. नवा पंप म्हणत असतील तर सीलबंद खोका तुमच्या हातांनी उघडा. त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता असलाच पाहिजे. जुना पंप घरी आणा, बिघडलेला असला तरी.

काकांनी महाडहून सीलबंद पंप मागवला, नवा सील टाकला आणि पक्कं बिल दिलं. दापोली रद्द झाली, दिवेआगरहूनच परतलो.

पुण्याच्या गॅरेजवाल्याने हात झटकले. “तिकडच्या माणसानेच बदलला असेल.” माझ्याकडे यूपीआयची नोंद होती, ‘पंप नवीन ओरिजिनल ७५००’ हा त्याचाच व्हॉट्सअॅप मेसेज होता, माणगावला काढलेले फोटो होते आणि तो काढलेला पंपही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग लेखी नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यावर ३,००० घेऊन मिटवा असा निरोप आला. मी नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तिथे तक्रार दाखल केली आहे.

असाच घाईघाईत, बिलाशिवाय तुमचाही पंप बदलला गेला असेल तर आजच रिलेचा डबा उघडून बघा, आणि टाकीखाली पेट्रोलचा वास येतोय का तेही.