टिअरड्रॉप ट्रेलरच्या डिकीसाठी २५० न्यूटनची गॅस शॉकर जोडी

टिअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर; त्याच्या डिकीचं वर उघडणारं दार गॅस शॉकर, म्हणजे दाबलेला गॅस भरलेल्या नळ्या, उचलून धरतात. हे दार १८ किलोच्या आसपास असेल तर ही जोडी बिनधास्त घ्या. हिशेब असा: १२० सेंमी लांब दाराचं वजन बिजागरीपासून ६० सेंमीवर धरायचं. शॉकरचा जोर २५ सेंमीवर लागू होत असेल, तर दार आडवं उचलून धरायला सव्वाचारशे न्यूटन लागतात. प्रत्येकी २५०, म्हणजे जोडी ५०० देते. दुकानदार ‘मजबूत’ म्हणून प्रत्येकी ४०० वाली जोडी गळ्यात मारतात. ती नकोच. जादा जोराने बंद दार मधून फुगतं, खालच्या कोपऱ्यात रबर सुटतं आणि जालना रोडची सगळी धूळ आत.

सोबतचे स्क्रू टाकाऊ आहेत. ब्रॅकेट बाहेरच्या ६ मिमी प्लायला लावू नका; दाराच्या सांगाड्यातल्या १८ मिमीच्या फासळीतून एम६ (६ मिमी जाडीचा) बोल्ट आरपार घाला, मागे मोठा वॉशर. दार बंद असताना शॉकरची दांडी खाली हवी, म्हणजे शॉकरच्या आतलं सील तेलात राहतं. उलटी बसवली की सील सुकून गॅस गळतो.

परभणीच्या थंडीत, १० अंशांना, जोर पाचेक टक्के घटतो. तरी दार टिकतं. दाराला स्टोव्ह, भांड्यांची जाळी टांगणार असाल तर हिशेब नव्याने करा.