टॅमिया टीटी-०२: सात-आठ महिन्यांनी गिअरबॉक्स काय म्हणतो

टीटी-०२, म्हणजे टॅमिया या जपानी कंपनीची किटमधून स्वतः जोडायची रिमोटची छोटी गाडी, घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना मी आता एकच सांगते: बिनधास्त घ्या, पण त्याच ऑर्डरमध्ये बेअरिंगही घ्या. निळे चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमचे पार्ट नंतर बघू, नाही घेतले तरी चालतील.

गणपती उरकल्यावर किट जोडलं आणि तेव्हापासून गाडी जवळपास दर रविवारी पळतेय. ठाण्यात आमच्या सोसायटीचं पार्किंग आणि मागचा अर्धवट काँक्रीट झालेला रस्ता, हेच मैदान. म्हणजे धूळ, सिमेंटची कच आणि बारीक खडी. जपानी माणसाने ही गाडी गालिच्यासाठी आणि स्वच्छ डांबरासाठी बनवली असावी, त्यामुळे खाली जे लिहितेय ते आपल्याकडच्या धुळीतलं आहे असं समजून वाचा.

आधी आत काय आहे ते. मोटर गाडीच्या लांबीला समांतर बसते. तिच्यावरचा २२ दात्यांचा पिनिअन (छोटा गिअर) ७० दात्यांच्या स्पर गिअरला (मोठ्या गिअरला) फिरवतो, स्पर मधल्या लांब शाफ्टला आणि शाफ्ट पुढच्या-मागच्या दोन्ही डिफना, म्हणजे डिफरन्शिअलना, जे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. शाफ्टच्या टोकाला १५ दाते, डिफच्या रिंगला, म्हणजे त्यावरच्या मोठ्या गिअरला, ३९. सगळा गुणाकार केला की ८.२७ येतो: मोटर सव्वाआठ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. किटमधली साधी ५४० मोटर ७.२ व्होल्टवर मोकळी फिरवली तर मिनिटाला १५,०००च्या आसपास जाते. हे सगळं प्लास्टिकचे दाते झेलतात आणि चांगले झेलतात. माझा स्पर अजून पहिलाच आहे.

जोडताना दोन ठिकाणी घाई करू नका. पहिलं डिफ. पुढची रिंग एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला यायला हवी. दोन्ही एकाच बाजूला बसवल्या तर पुढची चाकं पुढे आणि मागची मागे फिरायला बघतात, गाडी जागच्या जागी कण्हते आणि मग सगळं उघडावं लागतं. डबा बंद करायच्या आधी शाफ्ट बोटाने फिरवा आणि चारही चाकांच्या जागा एकाच दिशेला फिरतात का ते पाहा. दुसरं म्हणजे स्क्रू. ते प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात. पुन्हा बसवताना आधी उलटं फिरवायचं, 'टक्' करून स्क्रू जुन्या आट्यात उतरतो, मग आवळायचा. सरळ घुसवला तर नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळा उघड-झाप झाल्यावर भोक सैल. ड्रायव्हरही जपानी मापाचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर या स्क्रूंच्या डोक्यावरून घसरतो आणि डोकं खातो.

डिफमध्ये दोन मोठे आणि तीन छोटे बेव्हल, म्हणजे तिरक्या कडेचे, गिअर असतात. नुसतं किटमधलं ग्रीस लावलं तर डिफ फार मोकळा राहतो. वळणावर आतलं चाक हलकं झालं की सगळी ताकद तिकडे पळते आणि ते चाक हवेत भिरभिरतं. म्हणून पुढच्या डिफमध्ये मी टॅमियाचंच चिकट अँटी-वेअर ग्रीस भरलं आणि मागचा हलकाच ठेवला. तपासायची सोपी रीत: शाफ्ट धरून ठेवायचा आणि एक चाक फिरवायचं. दुसरं उलटं फिरायला हवं, पण पुढचं जरा आळसावून. सिलिकॉन तेल मात्र या डिफमध्ये घालू नका, त्याला सील नाहीत, झिरपून सगळीकडे होतं. तेलाचा सीलबंद डिफ वेगळा मिळतो. मला त्याची गरज पडली नाही.

आता बेअरिंग. किटमध्ये त्यांच्या जागी प्लास्टिकचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या साध्या कड्या, येतात आणि कोरड्या, स्वच्छ जागी ते काही दिवस बरे चालतात. धुळीत प्लास्टिकचा बुश म्हणजे सँडपेपरचं भोक. कच आत अडकते, भोक हळूहळू लांबट होतं आणि शाफ्ट डगमगायला लागतो. खरं नुकसान पुढे होतं. शाफ्ट हलला की दाते पूर्ण रुंदीत भिडत नाहीत, नुसत्या कडेवर घासतात आणि मग दोष गिअरच्या माथी मारला जातो. या गाडीला लागतात ती ११५० नंबरची बेअरिंग, म्हणजे आतला व्यास ५ मिमी, बाहेरचा ११ आणि जाडी ४. हीच बेअरिंग बाजारात एमआर११५ म्हणून मिळतात, हॉबीवाल्यांकडूनच घ्यायला हवीत असं नाही. मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणली. दुकानदाराने फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, झेडझेड की टूआरएस?" झेडझेडला पत्र्याचं झाकण असतं, टूआरएसला रबराचं. रबरवाली किंचित जड फिरतात, पण धूळ थोपवतात. आपल्याकडे तीच घ्या. शिवाय सुईने रबर अलगद उचलून बेअरिंग धुता येतं आणि थेंबभर तेल देऊन पुन्हा बंद करता येतं.

बेअरिंग घातल्यावर पहिला फरक कानाला कळला. मोटर काढून गाडी हाताने ढकलली तर ती फरशीवर पुढे जात राहते, आधी दोन हातांवर थांबायची. बॅटरी जास्त पुरते आणि मोटर कमी तापते.

पिनिअनची गोष्ट भाच्याच्या गाडीची. त्याला वेग हवा होता म्हणून त्याने ऑनलाइन एक २५ दात्यांचा स्टीलचा पिनिअन मागवला. पाकिटावर ०.६ मॉड्यूल (दात्याचं माप, या गाडीला हेच लागतं) लिहिलेलं, आत निघाला ४८ पिच, म्हणजे मापाची दुसरी पद्धत. ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल. डोळ्यांना जवळपास सारखाच दिसतो, बसतोही. पहिल्या पाच मिनिटांत मिक्सरसारखी किरकिर आणि "आत्या, गाडी जागेवरच ओरडतेय." उघडून पाहिलं तर स्परचे दाते एका पट्ट्यात सोलून निघालेले आणि कव्हरच्या आत पांढरा भुसा. विक्रेत्याने पैसे परत केले, स्परचे अर्थातच नाहीत. नवा पिनिअन आला की तो जुन्याला दाताला दात लावून उजेडात धरायचा. माप वेगळं असेल तर तीन-चार दात्यांतच फट दिसायला लागते.

टीटी-०२मध्ये मोटर सरकवून पिनिअन आणि स्परमधली फट जुळवायची सोय नाही, पिनिअनप्रमाणे ठरलेली भोकं आहेत. हे अनेकांना खटकतं, मला आवडलं. ०.६ मॉड्यूलमध्ये पिनिअनचा एक दात वाढला की मोटर ०.३ मिमी लांब जायला हवी, आणि तेवढं नजरेने कोण जुळवणार? भोक बरोबर निवडलं की काम झालं. २५चा पिनिअन लावला की गुणोत्तर ७.२८वर येतं. वेग वाढतो, पण मे महिन्याच्या दुपारी मोटरवर बोट टेकवत नाही. मी २३वर थांबलेय.

देखभाल फार नाही. खडखड सुरू झाली की मी आधी पिनिअनचा बारीक स्क्रू बघते. तो शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलेला नसला की सरकतो. घरघर येत असेल तर बेअरिंग. फक्त रिव्हर्स घेताना 'कट्' आवाज आला तर डिफची रिंग. धुवायला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर चासीला लावू नका, एबीएस प्लास्टिकला चिरा जातात. ग्रीस दात्यांवर दिसेल न दिसेल इतकंच. जास्त लावलं की तेच धूळ गोळा करतं.

मधला शाफ्टही प्लास्टिकचाच आहे, अ‍ॅल्युमिनिअमचा वेगळा मिळतो. साध्या मोटरवर माझा अजून सरळ आहे. ब्रशलेस, म्हणजे जास्त ताकदीची मोटर, टाकणार असाल तर मात्र तो आणि स्टीलचा पिनिअन आधी घ्या. पावसाळ्यात गाडी बंद ठेवणार आहे, तेव्हा दोन्ही डिफ उघडून ग्रीस बदलेन आणि मागच्यात या वेळी किंचित जास्त भरून बघेन.