बर्डीवरचं जर्सीचं दुकान आणि ९६ नंबर

तीन तारे देते. चौथा देणार होते, पण जर्सीवरच्या नावात एक ‘एन’ कमी छापला त्यांनी.

दुकान नागपुरात बर्डीवर, आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार तर आहेच, पण माणूस भला आहे.

माझा मुलगा डेनव्हरला असतो. त्याच्यामुळे तिथल्या कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या बर्फावरच्या हॉकीच्या टीमचा नाद मलाही लागला. त्यांची रात्रीची मॅच आपल्याकडे सकाळच्या चहाला सुरू होते, त्यामुळे सिरियलही बुडत नाही. माझा लाडका मिक्को रान्तानेन, फिनलंडचा, ९६ नंबरचा. २०१५ पासून याच टीमचा, २०२२ चा स्टॅनले कप, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा करंडक, जिंकला त्यातही होता. जानेवारीत मुलगा येणार, तेव्हा मरून-निळी जर्सी घालून त्याला स्टेशनवर घ्यायला जायचं असं ठरवलं.

बाकी दुकानं अकरा नगांखाली बोलतच नाहीत, इथे एकच नग करून देतात. कापड चांगलं, शिलाई दुहेरी. माप देताना मात्र वाद झाला. या खेळाडूंना आतून खांद्याचे पॅड घालायचे असतात, म्हणून जर्सी ढगळच असते. मालक ऐकेचना. “काकू, आपली हॉकीवाली पोरं तं अंगाबरोबर घालतात. हे तं गाऊन होऊन राहिलं!”

आठ दिवस सांगून चोवीस लावले. मुलगा आला नि गेलाही. जर्सी हातात पडली आणि त्याच आठवड्यात, २४ जानेवारी २०२५ ला, रान्तानेनला कॅरोलायना हरिकेन्स या दुसऱ्या टीमकडे धाडलं, बदल्यात मार्टिन नेचास वगैरे खेळाडू आले. करार त्या मोसमाअखेर संपत होता, पैशांवर जमेना. प्रत्येक टीमच्या एकूण पगाराला तिथे मर्यादा असते, त्या वर्षी ८ कोटी ८० लाख डॉलर. त्यांचा मोठा खेळाडू मॅकिनन, त्या एकट्यालाच १ कोटी २६ लाख जात होते. हिशेब मला कळतो, बँकेत तीस वर्षं काढलीत. पण मन कुठे ऐकतं?

दुकानात गेले, म्हटलं नाव काढून द्या. निघत नाही म्हणे. सब्लिमेशन छपाईत शाई धाग्यातच मुरते, खरवडली तर कापड जातं. हे ऑर्डर घेताना सांगायला नको होतं का? ज्या खेळात माणसं अशी बदलतात तिथे नाव व्हिनाइलचंच, म्हणजे वरून चिकटवायच्या प्लास्टिकचंच लावा, ते गरम करून सोलता येतं. धुताना तेवढं उलटं करून धुवायचं.

मग कॅरोलायनाची लाल शिवायला टाकली. पुन्हा आठ दिवस, पुन्हा उशीर, आणि या खेपेला तो उशीर पथ्यावर पडला. ७ मार्चला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती. रान्तानेन कॅरोलायनाशी लांबचा करार करायला तयार होईना, म्हणून त्याच दिवशी त्यांनी त्याला डॅलस स्टार्सकडे दिलं. एका मोसमात तिसरी टीम! तिथे ८ वर्षं, ९ कोटी ६० लाख डॉलर. फोन केला तर मालक म्हणाले, “अजून नाव मारलंच नाही काकू. काहून, हा माणूस एका जागी टिकत नाही का?” ती कोरी लाल आता आमचे हे सकाळी फिरायला घालतात.

मग कपासाठीच्या बाद सामन्यांत, पहिल्याच फेरीत डॅलसची गाठ नेमकी कोलोरॅडोशी. सातवी, निकाल लावणारी मॅच, आपल्याकडे ४ मे, रविवारची पहाट. कूलर घरघरतोय आणि मी रान्तानेनच्या नावाची मरून जर्सी घालून बसलेली. कोलोरॅडो २-० ने पुढे होती. शेवटच्या भागात यानेच तीन गोल मारले, तिसरा रिकाम्या जाळ्यात. डॅलस ४-२. मुलाचा फोन आला, “आई, तू नक्की कोणाकडून आहेस?” तर्री पोहे गार होईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

आता डॅलसची हिरवी टाकली आहे, नाव व्हिनाइलचं, ‘एन’ मोजून तीन. आठ दिवस म्हणालेत.