जाळीचा तंबू, दहा महिन्यांनंतर: डास बाहेर, पण चेन आणि कोपर सांभाळा

ऑगस्ट ते मे असा दहा महिन्यांचा वापर. उजनीच्या बॅकवॉटरचा काठ, हिप्परगा तलावाची बाजू, मंगळवेढ्याकडची ज्वारीची शेतं आणि नान्नजकडचा माळ, सगळीकडे हाच तंबू लावला. रचना साधी: फायबरच्या दोन वाकणाऱ्या काड्या, चारी बाजूंनी जाळी, खाली जाड तळ, एका अंगाला चेन. ७ फूट लांब, ४ फूट रुंद. विकताना 'दोघांसाठी' म्हणतात. ते ऐकू नका, हा एकट्याचा तंबू आहे आणि कारण जागेच्या अडचणीचं नाही.

डासाला जाळी फाडावी लागत नाही. झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला की तो बाहेरूनच सोंड आत घालतो. दोघं झोपले की चार फुटांत दोन्ही कडांना अंग टेकणारच, आणि सकाळी नेमक्या तेवढ्याच भागावर गांधी उठलेल्या असतात. लोक म्हणतात जाळीतून डास आत आले. आत एकही नसतो. उपाय म्हणजे जाळीच्या खालच्या फूटभर भागाला आतून कापड शिवून घ्यायचं. ३६ इंच पन्ह्याचं अडीच मीटर मांजरपाट घ्या, १२ इंचाच्या तीन पट्ट्या काढा, चारी बाजू झाकून थोडं उरतं. शिवायला वेळ नसेल तर सोलापुरी चादरीची दुहेरी घडी अंग आणि जाळीच्या मध्ये उभी सारून ठेवा. तिच्या जाडीतून सोंड पोचत नाही.

आता जाळीच्या भोकांचं. घरच्या साध्या मच्छरदाणीला चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात, म्हणजे आडवी १२, उभी १३. डास अडवायला तेवढी पुरतात. पण गोठ्याजवळ किंवा मातीच्या भेगाळ भिंतीशेजारी मुक्काम असेल तर वाळूमाशी येते. ती जेमतेम २-३ मिलिमीटरची, अशा जाळीतून सहज शिरते. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेला विषाणू हीच माशी पसरवते, त्यामुळे हा नुसत्या खाजेचा प्रश्न नाही. दुकानात पट्टी लावून एका इंचातली भोकं मोजा, मोबाइलचा कॅमेरा झूम केला की नीट दिसतात. या तंबूत एका ओळीत २५ भरली, म्हणजे चौरस इंचात सव्वासहाशेच्या आसपास. वाळूमाशी अडते.

किंमत मात्र उन्हाळ्यात मोजावी लागते. बारीक जाळीतून वारा निम्मा होतो आणि एप्रिल-मेमधल्या सोलापूरच्या रात्री आधीच तापलेल्या. ५ वॉटचा यूएसबी पंखा आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक यावर साधारण सहा तास निघतात. पंखा पायाकडून डोक्याकडे लावायचा. वारा असला की डासाला नीट उडता येत नाही आणि श्वासाचा, घामाचा मागही विस्कटतो, म्हणून संध्याकाळी बाहेर बसतानाही तोच पंखा पायाशी ठेवावा.

सगळ्यात कच्ची जागा म्हणजे चेन. काळ्या मातीची धूळ दात्यांत बसते, सरकपट्टी ढिली होते आणि मागे चेन आपोआप उघडत जाते. अंधारात ते कळत नाही. दर मुक्कामानंतर जुना टूथब्रश फिरवा, वर मेणबत्ती घासा. तरीही उघडत असेल तर सरकपट्टीच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या दाबा. जास्त दाबली की तुटते. आत शिरायच्या आधी आतला दिवा बंद हवा. बाहेरचा दिवा दहा-बारा फुटांवर टांगा, पाखरं तिकडे जातात.

खुंट्या सोबत आल्या त्या ६ इंची. पावसाळ्यात काळ्या रानात त्या हाताने उपटून येतात, उन्हाळ्यात भेगेत उभ्या राहत नाहीत. ९ इंची लोखंडी घेतल्या.

माळावर दुसरंच दुखणं. कुसळी गवताचं कुसळ हातात घेऊन बघा: टोक सुईसारखं, मागे पीळ भरलेली काळपट शेपटी. दव पडलं की पीळ सुटतो, शेपटी फिरते आणि टोक स्क्रूसारखं आत घुसतं. तळाला अशी चार भोकं पडली. खाली जुनी ताडपत्री अंथरल्याशिवाय तंबू टाकू नये. मेंढ्या बसतात त्या जागी गोचीडही असते. पायजमा मोज्यात खोचा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडीचा चटका नको. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम परवानगीशिवाय करता येत नाही, शेजारचं रान मालकाला विचारून घ्यावं.

हुरड्याच्या दिवसांत आगटीच्या धुरानं डास थोडे कमी होतात, वारा फिरला की परत येतात. पण तंबू आगटीपासून २० फुटांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला हवा. एक ठिणगी उडाली की नायलॉन वितळून वाटाण्याएवढं भोक पडतं. सेलोटेप धुळीत टिकत नाही, जाळीचाच तुकडा नायलॉन दोऱ्याने शिवा. आत डासांची अगरबत्ती तर मुळीच नको.

अंगाला लावायचं डास पळवणारं औषध तंबूबाहेरच्या वेळेसाठी. डीट हे रसायन असलेलं घेतलं तर चष्म्याची प्लास्टिक फ्रेम आणि घड्याळाचा पट्टा जपा, ते विरघळवतं. पिकारिडिन या दुसऱ्या रसायनाला हा त्रास नाही. सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते, मग औषध. जाळीवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारणार असाल तर ओली जाळी मांजरापासून लांब वाळवा, आणि ती तलावात कधीच धुवू नका, माशांना ते विष आहे. एरवी थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. उन्हात ठेवलेली वरची बाजू मेअखेर थोडी ठिसूळ लागायला लागली आहे.

एकट्यासाठी घ्या. दोघं असाल तर ६ फूट रुंदीचा बघा.