रोबो होणाऱ्या गेमच्या नावाखाली दोनदा फसवणूक

मुलाचा आठवा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता, तेव्हा ही जाहिरात माझ्या फोनवर आली. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. लाकडी टेबलावर एक करड्या रंगाचा, जुन्या धाटणीचा हातातला व्हिडिओ गेम ठेवलेला. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे दोन जांभळी गोल बटणं, वर हिरवट स्क्रीन. कुणीतरी तो उचलून खेळतं, स्क्रीनवर ठोकळे खाली पडताना दिसतात. मग स्क्रीन मधोमध दुभंगते, बाजूंतून हात बाहेर येतात, खालच्या भागाचे दोन पाय होतात आणि टेबलावर वीतभर उंचीचा रोबो उभा राहतो. व्हिडिओत माणसाचा चेहरा नाही, फक्त दोन हात, आणि उजव्या अंगठ्याला कापल्यावर लावतात तशी चिकटपट्टी. खाली लिहिलेलं : ‘४०० गेम आणि रोबो, दोन्ही एकात. आज फक्त १,८९९ रुपये. पैसे माल हातात आल्यावर.’

मी नव्वदच्या दशकात वाढलो. शेजारच्या घरी ब्रिक गेम होता, आणि त्यावर पाच मिनिटं खेळायला मिळावीत म्हणून आम्ही रांग लावून बसायचो. त्यामुळे तो व्हिडिओ मी मुलासाठी पाहिला तसाच माझ्यासाठीही पाहिला. ‘माल हातात आल्यावर पैसे’ म्हटल्यावर धोका तो काय, असं वाटलं आणि ऑर्डर टाकली. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. नाव, पत्ता, पिनकोड तिने वाचून दाखवला, ‘ऑर्डर कन्फर्म करू ना, सर?’ विचारलं. एवढ्या नीटनेटक्या फोनने माझी उरलीसुरली शंकाही गेली.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. दारात उभ्या मुलाला मी म्हटलं, ‘दादा, उघडून बघू का आधी?’ तो म्हणाला, ‘साहेब, आधी पैसे. उघडायची परमिशन नाही आम्हाला.’ त्याचं खरंच होतं. माल हातात आल्यावर पैसे याचा अर्थ माल बघून पैसे असा नसतो, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. ओपन डिलिव्हरी म्हणजे समोर उघडून दाखवण्याची सोय काही विक्रेते देतात, पण ती ऑर्डरमध्येच लिहिलेली असावी लागते. मी पैसे दिले आणि वाढदिवसाला उघडायचं म्हणून खोकं तसंच रंगीत कागदात गुंडाळून कपाटात ठेवलं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी ते सगळ्यांसमोर उघडलं. आत चमकदार चित्राचं खोकं, चित्र व्हिडिओतल्या रोबोचंच. त्याच्या आत रंगाचा उग्र वास येणारी, तळहाताएवढी प्लास्टिकची वस्तू. स्क्रीन म्हणजे पडत्या ठोकळ्यांचं चित्र छापलेला स्टिकर होता, एका कोपऱ्यात वर उचललेला. अधिकचं बटण दाबलं जाईना, कारण ते बटण नव्हतंच, कवचातच तसा उंचवटा काढला होता. जांभळं बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकायचा आणि पोलिसांच्या गाडीसारखा सायरन वाजायचा. एवढाच गेम. रोबो करायला म्हणून मुलाने बाजूचा हात हळूच ओढला. सांध्यापाशी प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली आणि हात त्याच्या हातात आला. तो रडला नाही. ‘बाबा, मी जोरात नव्हता ओढला,’ एवढंच म्हणाला. त्याचं ते घाबरून सांगणं मी विसरू शकत नाही. फसवणूक दुसऱ्याने केली, आणि अपराधी माझ्या मुलाला वाटलं.

पैशांचं एक वेळ सोडा, पुढचं ऐका. खेळणं टेबलावरून खाली पडलं आणि मागचं झाकण उघडलं. झाकणाला स्क्रू नव्हता, नुसती नखाने उघडेल अशी खाच होती. आतले तीन बटण सेल फरशीवर घरंगळले. दोन सापडले. तिसरा आईने माझ्या अडीच वर्षांच्या मुलीच्या मुठीतून काढला. मूठ तोंडाकडे निघाली होती.

बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर तो फुटायची किंवा गळायची वाट बघावी लागत नाही. आतल्या ओलाव्यामुळे त्याच्या दोन टोकांमधून वीज वाहू लागते, तिथे दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. चपटा, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा लिथियम सेल सर्वांत वाईट, कारण तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि एक्स-रे काढून घ्या. आमच्यावर ती वेळ आली नाही ती केवळ आईचं लक्ष होतं म्हणून. या लिखाणाचं खरं कारण हेच आहे. १,८९९ रुपयांसाठी मी एवढं लिहीत बसलो नसतो.

त्या रात्री मी त्यांच्या वेबसाइटवर परताव्याचे नियम वाचले, जे ऑर्डर देण्याआधी वाचायला हवे होते. ‘डिलिव्हरीपासून ४८ तासांत, पार्सल उघडतानाच्या अखंड व्हिडिओसह.’ माझं पार्सल येऊन तीन दिवस झाले होते आणि व्हिडिओ काढलेला नव्हता. खेळणं बहुतेक वेळा भेट म्हणून घेतलं जातं, भेट त्या दिवशीच उघडली जाते, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. साइटवर पत्ता नव्हता, कंपनीचं नाव नव्हतं, तक्रार निवारण अधिकारी तर नाहीच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हे सगळं साइटवर स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात व्हायला हवं. मी त्यांच्या मेलवर फोटोंसह तक्रार पाठवली आणि साइटवरच्या चौकटीत फोन नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. हिंदीत, अतिशय अदबीने. ‘सर, आपका रिफंड अप्रूव हो गया है.’ ऑर्डर नंबर बरोबर, रक्कम बरोबर, पत्ता बरोबर. ते खेळणं विकणाराच फोन करत होता की त्याच्याकडून माझी माहिती घेतलेला दुसरा कुणी, याने मला फरक पडला नसता. इतकी माहिती ज्याच्याकडे आहे तो कंपनीचाच, असं मी धरून चाललो. त्याने व्हॉट्सॅपवर एक क्यूआर कोड पाठवला. ‘हा रिफंडचा कोड आहे, स्कॅन करा, रक्कम आपोआप येईल, पिन टाकला की पैसे खात्यात.’ मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, फोन स्पीकरवर होता आणि तो सारखा ‘जल्दी कीजिए सर, सेशन एक्सपायर हो जायेगा’ म्हणत होता. रक्कम दिसली, शेवटचे आकडे ८९९ होते, मी पिन टाकला. ती रक्कम १,८९९ नव्हती. ११,८९९ होती. आणि वर कंपनीचं नाही, कुणा व्यक्तीचं नाव होतं.

यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन फक्त पैसे पाठवायला लागतो. हे वाक्य मी बँकेच्या मेसेजमध्ये शंभरदा वाचलेलं होतं. घाईच्या आवाजाखाली ते एकदाही आठवलं नाही. मिळवायला स्कॅन करायचं नसतं, पिन टाकायचा नसतो, फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं कुठलंही ॲप टाकायचं नसतं. घरातल्या प्रत्येकाला, आजीआजोबांनासुद्धा, हे आजच सांगा.

पैसे गेल्यावर मी एक गोष्ट वेळेत केली. वीस मिनिटांच्या आत १९३० ला फोन लावला. हा गृह मंत्रालयाचा सायबर आर्थिक फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे पावतीवरचा ओळख) नंबर, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी विचारतात, ते हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसे गेले तिथपर्यंत पोचते आणि पैसे अजून खात्यात असतील तर ते अडवले जातात. पैसे पुढच्या खात्यात आणि तिथून एटीएममध्ये जायला फार वेळ लागत नाही, म्हणून ‘घरी गेल्यावर करू’ म्हणू नका. माझे ११,८९९ पैकी ४,००० अडकले, बाकी तोवर निघून गेले होते. अडकलेले पैसेही लगेच परत मिळत नाहीत, त्याची प्रक्रिया अजून चालू आहे. माझ्या बँकेने मात्र हात वर केले. ग्राहकाच्या नकळत झालेला व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला तर त्याची जबाबदारी ग्राहकावर येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, पण पिन मी स्वतः टाकला होता, त्यामुळे तो नियम मला लागू होत नाही असं त्यांनी सांगितलं.

खेळण्याच्या १,८९९ साठी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि ती घरबसल्या ऑनलाइनही करता येते. पण तक्रारीत समोरच्याचा पत्ता लिहावा लागतो. पार्सलवरचा पत्ता निघाला तो फक्त माल साठवून पाठवणाऱ्या गोदामाचा. ‘आम्ही फक्त पाठवतो,’ असं उत्तर आलं.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन तुळशीबागेत गेलो. तिथल्या एका वयस्क दुकानदाराला ते तुटकं खेळणं दाखवलं. त्यांनी आधी खोकंच उलटं केलं. ‘आयएसआय कुठाय यावर?’ भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर, देशी असो की परदेशी, आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक असतो, बॅटरीवरच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४, आणि खाली सीएम/एल लिहिलेला परवाना क्रमांक. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. बटण सेलचा कप्पा हत्याराशिवाय उघडता कामा नये, ही त्या मानकातलीच अट. माझ्या खोक्यावर चिन्ह नव्हतं, उलट एका कोपऱ्यात बारीक ‘१४+’ छापलं होतं. म्हणजे कुणी पकडलं तर म्हणायला मोकळे की हे लहान मुलांचं खेळणं नाहीच. जाहिरातीत मात्र पाचसहा वर्षांच्या मुलाचा फोटो.

दुकानदारांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आधी माहीत असती तर मी ऑर्डरच दिली नसती. वस्तूचा रोबो होणारी खेळणी खरी असतात आणि उत्तम असतात. जपानच्या टाकारा कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅसेट प्लेअर, कॅमेरा, मायक्रोस्कोप अशा रोजच्या वस्तूंचे रोबो काढले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने तीच ट्रान्सफॉर्मर्स नावाने विकली. पुढे टाकारा टोमीने प्लेस्टेशन आणि मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलचे रोबोसुद्धा काढले. पण त्या खेळण्यांवर गेम खेळता येत नाही. आत जागाच नसते. हात, पाय, डोकं आणि सांधे सगळे त्याच कवचात घडी करून बसवलेले असतात. स्क्रीन दुभंगून छाती होणार असेल तर ती चालणारी स्क्रीन कशी असेल? जाहिरातीत ठोकळे पडताना दिसतात ती वस्तू वेगळी आणि रोबो होतो ती वेगळी, मध्ये व्हिडिओ कापून जोडलेला. घरी येऊन मी तो सावकाश, थांबवत थांबवत पाहिला. अंगठ्यावरची चिकटपट्टी गेम खेळताना नाही, रोबो करताना आहे.

मुलाला त्या दुकानातून आयएसआय चिन्ह असलेली एक साधी गाडी घेऊन दिली, रोबो होणारी, पाच घड्यांची. तो हात फार जपून ओढतो अजून.

तुटकं खेळणं, खोकं आणि पार्सलवरचं लेबल मी जपून ठेवलंय, पोलिसांनी मागितलं तर द्यायला. सेल वेगळे करून, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, ई-कचऱ्यात दिले. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. पेजचं नाव दुसरं, किंमत १,२९९, खाली ‘दिवाळी धमाका’. मी ती रिपोर्ट केली, आणि चौथ्या दिवशी तिसऱ्या नावाने परत आली. नाव आणि किंमत पुढेही बदलतील. व्हिडिओ आतापर्यंत तोच आहे : लाकडी टेबल, करडा गेम, आणि रोबो उभा करताना उजव्या अंगठ्याला अचानक आलेली चिकटपट्टी.