‘रिअर विंडो’ की ‘ले दियाबोलिक’: आधी कोणता लावाल?

घरी पाच-सहा माणसं जमवून जुना थरारपट लावायचा म्हटलं की माझ्यासमोर दरवेळी हेच दोन येतात. हिचकॉकचा १९५४ सालचा ‘रिअर विंडो’ आणि फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोचा १९५५ सालचा ‘ले दियाबोलिक’. दोन्ही मी अनेकदा पाहिलेत आणि लोकांना दाखवलेतही. पहिल्यात पाय मोडून घरी बसलेल्या फोटोग्राफरला संशय येतो, की समोरच्या घरातल्या माणसाने बायकोचा खून केलाय. दुसऱ्यात शाळेच्या जाचक मुख्याध्यापकाला त्याची बायको आणि प्रेयसी मिळून टबात बुडवतात आणि प्रेत शाळेच्या तलावात टाकतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला जास्त घाबरवतो तो क्लूझोच, हे आधीच मान्य करतो. सुरुवात आणि शेवट सोडला तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, त्यामुळे प्रत्येक बारीक आवाज अंगावर येतो. रात्री दोघी जणी टबात पाणी सोडतात. खाली काय भयंकर चाललंय ते आपल्याला माहीत असतं आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मात्र नळाच्या आवाजामुळे रेडिओ ऐकू येत नाही म्हणून वैतागलेला असतो. पुढे शाळेचा पोहण्याचा तलाव उपसतात. तळ दिसतो, पण प्रेत नाही. तिथे माझ्या घरात आजवर एकदाही कुणी चहाच्या कपाला हात लावलेला नाही.

हिचकॉकची रीत वेगळी. स्टुडिओत ३१ बिऱ्हाडांचं अख्खं आवार उभं केलं, पण कॅमेरा जवळपास सगळा वेळ पाय प्लास्टरमध्ये असलेल्या त्या फोटोग्राफरच्या खोलीतच बसवला. त्याला हलता येत नाही, म्हणून आपल्यालाही येत नाही. एका रात्री तो खुर्चीत झोपलेला असताना समोरचा माणूस एका बाईबरोबर बाहेर पडतो. ते फक्त आपण पाहतो. तिथून पुढे त्याचा संशय खरा की आपली नजर, हे ठरवत बसावं लागतं. माझी आई गिरगावातल्या चाळीत वाढली. समोरच्या बिऱ्हाडात काय चाललंय याचा अंदाज माणूस कसा बांधतो, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला ती सांगतो. ‘ले दियाबोलिक’ शेवटाच्या गुपितावर उभा आहे. शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंतीच पडद्यावर येते. एकदा आमच्याकडे तलावाचा प्रसंग सुरू असताना, आधी पाहिलेल्या एका पाहुण्याने अर्ध्या वाक्यात ते गुपित फोडलं. उरलेला सिनेमा सगळ्यांनी धागेदोरे तपासत पाहिला. शेवटच्या त्या अंधाऱ्या बोळात, जिथे श्वास अडकायला हवा, तिथे कुणीतरी मोबाईल उघडला. मला फार वाईट वाटलं. मीही पुढच्या खेपेला पाहिला तेव्हा कारागिरीला दाद दिली, पण भीती काही परत आली नाही.

‘रिअर विंडो’त फोडण्यासारखं फारसं नाहीच. नायिका त्या माणसाच्या घरात शिरलेली, तो जिन्याकडून येताना दिसतो आणि खुर्चीतला नायक काहीही करू शकत नाही. पोलीस येतात. ती खिडकीकडे पाठ करून, हात मागे घेऊन, बोटातली अंगठी दाखवते. खून झालेल्या बायकोची लग्नाची अंगठी. नायकाशी लग्नावरून हुज्जत घालणाऱ्या या मुलीच्या बोटात ती असावी, यात सिनेमाची दोन्ही सूत्रं एका हालचालीत जुळतात. मग त्या माणसाचं लक्ष बोटांकडे जातं, नजर वर उठते आणि तो थेट आपल्याकडे पाहतो. आईने हा सिनेमा तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा त्याच जागी ती मोठ्याने म्हणाली, “अगं, निघ तिथून!”

पहिला अर्धा तास काहींना संथ वाटतो आणि ती तक्रार अगदीच चुकीची नाही. शिवाय सगळे नवखे असतील, शेवटपर्यंत हलणार नसतील, तर क्लूझोच्या रात्रीची सर कशाला येणार नाही, असंही कुणी म्हणेल. तशी मंडळी जमली तर जरूर लावा. पण एकानेही आधी पाहिलेला असेल तर मी तरी ‘रिअर विंडो’च काढेन. येत्या शनिवारी तोच लावतोय. किती वाजता ते आई सकाळीच विचारून गेली.